रेपोसादो टकिला: सोनेरी रंगावर जाऊ नका

टकिला विकत घेणारा माणूस बहुतेक वेळा रंग बघून बाटली उचलतो. पांढरी म्हणजे कच्ची, सोनेरी म्हणजे मुरलेली आणि जितकी गडद तितकी उंची, असं त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं. या समजुतीचा सर्वांत जास्त फटका बसतो तो माफक किमतीच्या चांगल्या रेपोसादोला. ती दिसायला फिकट असते, म्हणून मागे राहते आणि रंगवलेली बाटली पुढे जाते.

आधी रेपोसादो म्हणजे काय ते पाहू. ओकच्या लाकडात किमान दोन महिने आणि एक वर्षापेक्षा कमी काळ ठेवलेली टकिला म्हणजे रेपोसादो. न मुरवलेली ती ब्लांको, वर्ष पूर्ण केलेली आन्येहो आणि तीन वर्षं पूर्ण केलेली एक्स्ट्रा आन्येहो. हे सगळं मेक्सिकोच्या सरकारी मानकात लिहिलेलं आहे. टकिला या नावाला तिथे 1974 पासून भौगोलिक संरक्षण आहे. हालिस्को राज्य आणि ग्वानाह्वातो, मिचोआकान, नायारीत व तामाउलिपास या राज्यांतले ठरावीक भाग, एवढ्याच प्रदेशात निळ्या अगावेपासून बनलेल्या मद्याला टकिला म्हणता येतं.

आता रंगाकडे येऊ. लाकडातून रंग उतरतो हे खरं, पण रंग देण्यासाठी लाकूडच लागतं असं नाही. जळक्या साखरेचा रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक हे चार पदार्थ घालायला मानक परवानगी देतं. एकूण वजनाच्या एक टक्क्यापर्यंत ते घातले, तर लेबलवर सांगण्याची सक्ती नाही. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण ओकचा तीव्र अर्क किंवा रंग थोडासा पडला तरी पुरतो. ‘गोल्ड’ किंवा ‘ओरो’ लिहिलेल्या स्वस्त बाटल्यांचा सोनेरी रंग बहुधा असाच आलेला असतो. त्यांना लाकडाचा स्पर्शही झालेला नसू शकतो. उलट वापरलेल्या पिंपात तीन-चार महिने राहिलेली खरी रेपोसादो गवताच्या काडीसारखी फिकट पिवळी दिसते. तिच्या फिकटपणात काहीही कमी नाही.

‘जितकी जुनी तितकी चांगली’ हा समज व्हिस्कीकडून आला आहे. स्कॉटलंडच्या थंड, दमट गोदामात धान्याचं मद्य वर्षानुवर्षं मुरतं. हालिस्कोतली हवा उबदार आहे, तिथे पिंपातून मद्य लवकर उडतं आणि लाकूडही लवकर वरचढ होतं. मुख्य फरक कच्च्या मालाचा आहे. बार्लीचं पीक काही महिन्यांत कापणीला येतं, अगावे तयार व्हायला साधारण सहा ते आठ वर्षं लागतात. म्हणजे टकिलाची वर्षं पिंपाआधी शेतातच गेलेली असतात. त्या झाडाचा स्वाद लाकडाखाली पुरून टाकायचा, तर मग अगावे हवीच कशाला? रेपोसादोत लाकडाने अगावेचे कोपरे घासून गुळगुळीत करावेत, तिची जागा घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

त्यातही महिने मोजून फारसं कळत नाही. आन्येहोसाठी पिंप जास्तीत जास्त 600 लिटरचं हवं अशी अट आहे, रेपोसादोला ती नाही. म्हणून काही कारखाने हजारो लिटरच्या मोठ्या लाकडी टाक्यांत रेपोसादो मुरवतात. टाकी जितकी मोठी, तितका प्रत्येक लिटरला लाकडाचा स्पर्श कमी. बर्बन व्हिस्की काढून घेतलेल्या लहान पिंपात तीन महिने आणि मोठ्या टाकीत आठ महिने, यात पहिली जास्त लाकडी लागू शकते.

‘टकिला म्हणजे सगळी अगावेचीच’ हा समज तर खिशावर थेट परिणाम करणारा आहे. मानकानुसार दोन प्रकार आहेत. एकात आंबवण्याची सगळी साखर निळ्या अगावेतूनच येते आणि लेबलवर ‘100% दे अगावे’ असं लिहिलेलं असतं. दुसऱ्यात निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे 51 टक्के साखर अगावेची असली की पुरते. बाकीची उसाची किंवा मक्याची चालते. अशा बाटलीवर नुसतं ‘टकिला’ लिहिलेलं असतं. तीही रेपोसादो असू शकते, म्हणून रेपोसादो हा शब्द दिसला की थांबू नका, 100 टक्क्यांचे शब्द शोधा. मात्र ते शब्द साखरेबद्दल बोलतात, नंतर मिसळलेल्या रंगापाकाबद्दल नाही, हेही ध्यानात असू द्या.

बाटलीवर ‘नॉम’ या अक्षरांपाठोपाठ चार आकडी क्रमांक असतो. तो कारखान्याचा क्रमांक. एकाच क्रमांकाखाली कितीतरी ब्रँड निघतात, काही साध्या बाटलीत, काही हाताने फुंकलेल्या जड काचेत. किमतीतला बराचसा फरक त्या काचेचा आणि जाहिरातीचा असतो. म्हणून ‘महाग ती चांगली’ हे सूत्र इथे लागू पडत नाही. एखाद्या कारखान्याची एक टकिला आवडली, तर त्याच क्रमांकाची स्वस्त बाटली आवर्जून चाखून पाहावी.

अगावे निवडुंग नाही. ती शतावरीच्या कुळातली वनस्पती. आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणारी घायपात, जिला काही भागांत केकताड म्हणतात आणि जिच्या तंतूंचे दोर वळतात, ती याच अगावे प्रजातीतली. आणि बाटलीतली अळी टकिलात नसते. ती मेस्काल या अगावेच्याच दुसऱ्या मद्याच्या काही बाटल्यांत असते आणि विक्रीसाठी घातलेली असते.

चाखण्याबद्दलचे गैरसमज सगळ्यांत घट्ट आहेत, कारण मीठ चाटायचं, एका दमात ग्लास रिकामा करायचा आणि लिंबू चोखायचं हीच टकिलाची रीत आहे, असं सिनेमांनी शिकवलं. मीठ आणि लिंबू वाईट मद्याची चव झाकतात. चांगलं मद्यही त्यांच्यामागे तसंच झाकलं जातं. रेपोसादो पारखायची असेल तर तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घ्या, वाइनचा लहान ग्लास चालतो. त्यात 25-30 मिलिलिटर ओता, बर्फ नको, फ्रीजमधली गार बाटलीही नको. गारव्याने वास मिटतो. पाच मिनिटं तशीच ठेवा.

मग ग्लास नाकापासून थोडा लांब धरून, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. नाक आत खुपसलं तर फक्त मद्यार्क झोंबेल. पहिल्यांदा काय यायला हवं? शिजवलेल्या अगावेचा वास, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या रताळ्याच्या जवळ जाणारा गोडसर, थोडा मातकट दरवळ. त्यामागे मिरी, ओलं गवत, लिंबाची साल. त्याच्याही मागे लाकडाने दिलेली व्हॅनिला, दालचिनी. हा क्रम महत्त्वाचा आहे. व्हॅनिला आधी आली आणि अगावे शोधावी लागली, तर एक तर लाकूड जास्त झालं आहे किंवा अर्क ओतलेला आहे.

पहिला घोट अगदी लहान घ्या, तो जीभ सरावण्यासाठी. दुसरा जिभेवर घोळवा, गिळा आणि नाकाने श्वास सोडा. स्वाद तेव्हा उलगडतो. केकच्या क्रीमसारखा सरळ गोडवा, ओठांवर चिकटपणा आणि घोट उतरताच सगळं संपणं, ही लक्षणं एकत्र दिसली की पाक आणि ग्लिसरीनची शंका घ्यावी. ऊर्ध्वपातनात साखर वर येत नाही, त्यामुळे मद्यात साखरेचा थेट गोडवा असण्याचं कारण नाही. शेवटी दोन थेंब तळहातावर चोळून मद्यार्क उडू द्या आणि वास घ्या. मागे अगावे राहिली तर चांगलं, नुसता केकचा वास राहिला तर समजून जा. ही चाचणी प्रयोगशाळेची नाही, पण सवयीने उपयोगी पडते.

याहून चांगली कसोटी एकच: त्याच कारखान्याची ब्लांको शेजारी ओता. ब्लांकोतला मिरीचा तिखटपणा आणि गवताळपणा रेपोसादोत मऊ होऊन उरला असेल, तर पिंपाने काम नीट केलं. नाहीसा झाला असेल, तर मुरवण्याच्या नावाखाली दुसरंच काही झालं. स्वस्त टकिलात स्वादच सपाट असण्याचं आणखी एक कारण असतं. विटांच्या भट्टीत अगावे सावकाश शिजवण्याऐवजी काही कारखाने डिफ्यूझर या यंत्रात कच्ची अगावे चिरून गरम पाण्याने साखर धुऊन काढतात. उतारा वाढतो, शिजल्याचा वास मात्र मिळत नाही. पुढे कितीही लाकूड लावलं तरी तो परत येत नाही.

‘टकिला बाकी मद्यांपेक्षा तब्येतीला बरी’ असंही सर्रास सांगितलं जातं. अगावेतल्या अगाव्हिन या शर्करांचा उंदरांच्या रक्तशर्करेवर चांगला परिणाम दिसल्याचं मेक्सिकोतल्या संशोधकांनी 2014 मध्ये मांडलं होतं, त्याचीच ही अपभ्रष्ट आवृत्ती. त्या शर्करा शिजवताना मोडतात आणि आंबवताना त्यांचं अल्कोहोल होतं. टकिलात त्या उरत नाहीत. मधुमेहींना हे स्पष्ट सांगणं गरजेचं आहे. दुसऱ्या दिवशीची डोकेदुखीही 100 टक्के अगावेने टळत नाही, ती किती प्यायलात यावर ठरते.

आपल्याकडे किमतीचा प्रश्न वेगळा आहे. आयात मद्यावरच्या जबर करांमुळे मेक्सिकोत मध्यम असलेली बाटली मुंबईत चैनीच्या किमतीला जाते. दख्खनच्या पठारावर वाढणाऱ्या अगावेपासून भारतातही मद्य बनतं, आंध्र प्रदेशातलं डेस्मंडजी हे त्यातलं ओळखीचं नाव. त्याला टकिला म्हणता येत नाही, पण पारखायची रीत हीच. इतके पैसे मोजणार असाल, तर दुकानात बाटली हातात घेऊन फिरवून वाचा: 100 टक्के अगावे, नॉम क्रमांक, मद्यार्काचं प्रमाण. हे तिन्ही पाहून झालं की मगच रंगाकडे बघा.