जुन्या गाडीचे ऐब: कोणते सोसावेत, कोणते सांगावेत

नवी मोटार दारात आणायची तर रोख पैसे हवेत, नाही तर कर्ज हवे. शिक्षकाच्या पगारात एवढी रोख रक्कम साठत नाही, आणि व्याजाच्या कर्जाला मन तयार होत नाही. मग आपल्यातली पुष्कळ घरे मधली वाट धरतात. बिशीचे पैसे, थोडी शिल्लक आणि एखाद्या नातेवाइकाकडून उसनवारी असे जमवून जुनी गाडी रोखीने घेतात. आम्हीही नऊ वर्षांपूर्वी तेच केले. गाडी तेव्हा दहा वर्षांची होती आणि आम्ही तिचे तिसरे मालक.

जवळा बाजार हे परभणी-हिंगोली रस्त्यावरचे बाजाराचे गाव. एस.टी. आहे, जीप आहे, कुणाचे काही अडत नाही. पण अम्मींचे गुडघे धरले आणि दर महिन्याला त्यांना नांदेडच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली. बसमतला उतरायचे, पुन्हा दुसऱ्या गाडीत चढायचे, हे त्यांना झेपेना. म्हणून मोटार आली. ती कोणत्या कंपनीची हे सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नाही. वीस वर्षे खड्ड्यांतून आणि धुळीतून फिरले की कोणत्याही यंत्राचे असेच होते.

ऐब म्हणाल तर मोजावे किती! डाव्या बाजूची मागची काच तळहातांनी दाबून खाली घ्यावी लागते. त्याच बाजूचे दार आतून उघडत नाही, म्हणून आत बसलेल्याला कुणीतरी बाहेरून सोडवावे लागते. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवले की हॉर्न आपोआप वाजतो, आणि रस्त्याने चाललेले ओळखीचे लोक आम्ही सलाम केला असे समजून हात वर करतात. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. त्यामुळे पेट्रोल भरले की मीटरचा आकडा लिहून ठेवायचा आणि उरलेले गणिताने काढायचे. आमच्या धाकट्या मुलीला भागाकार शाळेपेक्षा या गाडीने लवकर शिकवला.

या लिहिण्यातूनच एक वही तयार झाली. गाडीत काय बिघडले, कधी बिघडले, मिस्त्रींनी काय केले, किती पैसे गेले, सगळे तिच्यात आहे. हळूहळू आमच्या लक्षात आले की सगळे ऐब एका मापाचे नसतात. त्यांचे तीन प्रकार पडतात: सबुरीचे, खर्चाचे आणि जिवाचे.

सबुरीचे ऐब

काच, दाराची कडी, डिकीचे कुलूप, फाटलेले सीट, खडखडणारे पत्रे. यांनी गैरसोय होते, पण नुकसान होत नाही. अशा प्रत्येक गोष्टीमागे धावले तर पगार गॅरेजमध्येच जायचा. यांच्याशी जुळवून घ्यावे. फक्त एक गोष्ट तपासावी. सबुरीचा वाटणारा ऐब कधी कधी जिवाचा असतो. आतून न उघडणारे दार एरवी हसण्यावारी नेता येते, पण गाडीने पेट घेतला किंवा ती पाण्यात गेली तर तेच दार माणसाला अडकवते. म्हणून वहीत आम्ही ते पहिल्या यादीतून काढून तिसऱ्या यादीत लिहिले आणि पुढच्याच रविवारी कडी बदलून घेतली.

खर्चाचे ऐब

रस्त्यात गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा बॅटरी, उष्णता किंवा पेट्रोल या तीन कारणांनी.

सकाळी चावी फिरवली आणि नुसता ‘टक्’ असा आवाज आला, की आपण लगेच म्हणतो, बॅटरी गेली. पण आधी तिच्या टर्मिनलवर साठलेली पांढरी-निळसर भुकटी पाहावी. ती गरम पाण्याने धुवावी, तारा घट्ट कराव्यात, वरून थोडे व्हॅसलीन लावावे. तरीही फरक पडला नाही तर मिस्त्रींना मीटर लावायला सांगावे. पूर्ण चार्ज असलेली बारा व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास हवा. तो वर चढत नसेल तर दोष बॅटरीचा नसून ती भरणाऱ्या अल्टरनेटरचा किंवा त्याच्या जोडणीचा असतो. अशा वेळी नवी बॅटरी घेतली तरी चार दिवसांनी गाडी पुन्हा धक्क्यावर येते.

दुसरे कारण आपल्या मराठवाड्याचे खास. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि रेडिएटरची परीक्षा होते. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते. तेच वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले तर चहाच्या पातेल्यासारखा आत क्षार साचतो आणि बारीक नळ्या बुजतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचा खर्च रेडिएटर बदलण्यापेक्षा कितीतरी कमी आहे. काटा लाल रेषेकडे गेला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाबाखाली उकळते पाणी असते. झाकण सैल होताच ते तोंडावर उडते.

तिसरे, पेट्रोल. 2023 पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले. आपल्या भागातल्या उसाला त्यामुळे मागणी आली, हे चांगलेच. पण जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्या आणि वॉशर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते लवकर कडक होऊन चिरू शकतात. दोन-चारशे रुपयांची नळी वेळेवर बदलणे हा खर्चाचा प्रश्न आहे. पेट्रोलचा वास येऊनही तशीच गाडी चालवणे हा जिवाचा प्रश्न आहे.

जिवाचे ऐब

ब्रेक, टायर, स्टिअरिंग, दिवे आणि पेट्रोलची गळती. इथे सबुरी नको आणि काटकसरही नको.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ओलावा वाढला की जोराच्या ब्रेकने ऑइल तापल्यावर त्यात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखे मऊ लागते. म्हणून गाडी कमी चालली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर गाडी रस्त्यावर काढूच नये. टायरवर एका बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो बनला. टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी राहिली की तो कायद्यानेही बाद ठरतो. नक्षी शिल्लक असली तरी बाजूला भेगा पडलेला टायर उन्हाळ्यात केव्हाही फुटू शकतो.

गाडीत बसताना आपण सवारीची दुआ पढतो, मुलांनाही शिकवतो. पण प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू पाहणाऱ्याला काय शिकवले, तेही मुलांना सांगितले पाहिजे. आधी उंट बांधायचा, मग तवक्कुल करायचे. आजच्या काळात उंट बांधणे म्हणजे ब्रेक तपासणे.

किती दिवस ठेवावी?

मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवते ना? स्टिअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा असलेली ती काळी-पिवळी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होई. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. कारखान्यातले उत्पादन थांबल्यावरही ती इतकी वर्षे चालली, कारण तिचे यंत्र साधे होते आणि ते ओळखणारे मिस्त्री गल्लोगल्ली होते. जुनी गाडी ठेवायची की नाही याचे उत्तर तिच्या वयात कमी आणि यात जास्त आहे: तिचा सुटा भाग मिळतो का आणि तो बसवणारा हात जवळ आहे का.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. एप्रिल 2022 पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क 600 वरून 5,000 रुपये झाले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी ते 10,000 करण्यात आले. पर्यावरण कर आणि विमा वेगळा. आमची गाडी विसाव्या वर्षाकडे निघाली तेव्हा आम्ही वही काढून हिशेब केला. पुढच्या दोन वर्षांचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघत होता. तिला निरोप द्यायचे ठरले.

ऐब सांगून विकणे

एका मध्यस्थाने सल्ला दिला, “सर, रंगाचा हात मारू, मीटर थोडा मागे घेऊ, सीटला कव्हर घालू. गिऱ्हाईक खूश, तुम्हीही खूश.” त्याला आम्ही नम्रपणे नको म्हटले.

धान्याच्या ढिगाची हदीस आपल्याला माहीत आहे. प्रेषितांनी (सल्ल.) बाजारात एका ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले, आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. पाऊस पाडणे विक्रेत्याच्या हाती नव्हते. ओले धान्य खाली ठेवणे मात्र त्याच्याच हाती होते. गाडी जुनी होणे आपल्या हाती नाही. गळक्या इंजिनावर चकचकीत रंग चढवणे आपल्या हाती आहे. फिकहमध्येही लपलेला ऐब नंतर सापडला तर माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला दिलेला आहे. इमाम अबू हनीफा कापडाचे व्यापारी होते. भागीदाराने ऐब न सांगता कापड विकले आणि गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा त्यांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका करून टाकली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात.

जवळच्याच खेड्यातला एक तरुण गाडी पाहायला आला. बायको आणि तान्हे बाळ सोबत होते. आम्ही वही त्याच्यासमोर ठेवली. काच, हॉर्न, काटा, उन्हाळ्यात तापणे, सगळे वाचून दाखवले. त्याने अकरा हजार रुपये कमी केले. ही रक्कम आमच्यासाठी लहान नव्हती. थोरलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ते पैसे धरले होते. घरात त्या रात्री बोलणे झाले. अम्मी एवढेच म्हणाल्या, “त्याचं बाळ तुमच्या गाडीत झोपणार आहे, हे लक्षात ठेवा.”

अम्मींच्या या बोलण्याने दुसरा प्रश्न पुढे आला. सबुरीचे आणि खर्चाचे ऐब सांगून विकता येतात, खरेदीदार ते जाणून पैसे कमी देतो. पण जिवाचा ऐब नुसता सांगून भागते का? पुढच्या टायरना भेगा होत्या. तरुण म्हणत होता, राहू द्या, मी बघतो. पण रस्त्याने शाळेत जाणारी मुले त्या सौद्यात नव्हती. त्यांना कुणी विचारले नव्हते. म्हणून आम्ही दोन टायर बदलून, ब्रेकचे काम करूनच चावी दिली. फीचा मेळ घालायला पुढे तीन महिने लागले.

कागदही तितकेच महत्त्वाचे. केवळ ओळखीवर गाडी देऊन नाव बदलायचे ठेवू नये. मोटार वाहन कायद्याच्या 50 व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. त्यासाठी 29 आणि 30 नंबरचे फॉर्म लागतात. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार धरला जाईल, गाडी हातोहात कितीही पुढे गेलेली असो.

आपल्यापैकी कुणी जुनी गाडी घेणार असेल तर किंमत विचारण्याआधी ऐब विचारावेत आणि ब्रेक-टायर आपल्या मिस्त्रींना दाखवावेत. कुणी विकणार असेल तर तिन्ही प्रकारचे ऐब कागदावर लिहावेत, दोघांनी खाली सही करावी आणि एकेक प्रत ठेवावी. आमच्या सौद्यात आम्ही तसेच केले. गेल्या उन्हाळ्यात त्या तरुणाचा फोन आला. गाडी तापत होती. आम्ही त्याला वहीत लिहिलेला पंख्याचा फ्यूज पाहायला सांगितला. दहा मिनिटांनी गाडी पुन्हा रस्त्याला लागली होती.