कॉम्प्युटर बदलला, नावं बिघडली!

आमचं गाव भिंगार. नगर शहराला लागून, लष्करी छावणीच्या शेजारी. जुन्या कॉम्प्युटरवर कृतिदेव फॉन्टमध्ये हे नाव टाईप करायला इंग्रजीच्या कोणत्या कळा दाबाव्या लागतात, सांगू? एफ, एच, के, ए, एक्स, के, जे! पडद्यावर मात्र छान 'भिंगार' दिसतं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात मराठी अक्षर एकही नाही. आहेत ती इंग्रजी अक्षरं, बहुरूप्यासारखी मराठी सोंग घेऊन उभी.

हे सगळं कळायचं कारण म्हणजे आमच्या बचत गटांची सभासद यादी. ती एका जुन्या प्रोग्रॅममध्ये होती आणि तो बांधला होता 'व्हिज्युअल बेसिक ६' नावाच्या साधनावर. हे साधन १९९८ साली आलं. त्या काळी पतसंस्था, दुकानं, शाळा यांचे कितीतरी प्रोग्रॅम त्यावरच लिहिले गेले. एप्रिल २००८ पासून मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅम लिहायच्या त्या साधनाला मदत देणं बंद केलं. जुने प्रोग्रॅम अजून चालतात, पण त्यात काही बदल करायचा म्हटलं की माणूस मिळत नाही. म्हणून तो 'डॉट नेट'वर नव्याने उतरवायचं ठरलं. पूर्वी हे काम आपोआप करून देणारी एक सोय मिळायची, तीही व्हिज्युअल स्टुडिओच्या २०१० च्या आवृत्तीपासून काढून टाकली आहे.

काम करणारा मुलगा म्हणाला, "काकू, लाल अक्षरात जी चूक दिसते ना, तिची भीती नाही. ती दुरुस्त केल्याशिवाय प्रोग्रॅम पुढेच जात नाही. न दिसणाऱ्या चुकांचीच खरी भीती."

अगदी खरं निघालं. लाल चुका चार दिवसांत संपल्या. प्रोग्रॅम सुरू झाला, बेरजा जुळल्या, पण यादी उघडली तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा! जुन्या साधनाच्या चौकटींना खरं मराठी, म्हणजे युनिकोड, कळतच नव्हतं. म्हणून तिथे फॉन्टचं सोंग चालायचं. नव्यात युनिकोड आहे, तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो. देवनागरी तर १९९१ पासूनच युनिकोडमध्ये आहे. आपल्या रघुनाथ कृष्ण जोशींनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट विंडोजमध्ये आला आणि घरोघरच्या कॉम्प्युटरवर खरं मराठी उमटू लागलं. आपल्याकडे मात्र सवयीने जुनेच फॉन्ट चालू राहिले.

मग नावं युनिकोडमध्ये बदलायचा प्रोग्रॅम चालवला. कचरा गेला, मराठी आलं. सगळ्याजणी खूश! पण बारकाईने पाहिलं तर 'अश्विनी'ची वेलांटी श आणि व यांच्या मधेच अडकलेली, नावाच्या पोटात ठिपक्यांचं गोल वर्तुळ. कारण असं, की कृतिदेवमध्ये वेलांटी दिसते तशी आधी टाईप करतात, युनिकोडमध्ये अक्षर आधी आणि वेलांटी नंतर. बदलताना ती उचलून मागे न्यावी लागते. साध्या 'भि'मध्ये जमतं, जोडाक्षर आलं की फसतं.

'कुऱ्हाडे' मावशींचं तर 'कुर्हाडे' झालं, ह वर रफार! हा आडवा अर्धा र आपला मराठीचा खास. हिंदीवाल्यांना तो लागत नाही, म्हणून बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो हमखास मार खातो. बरं, तो लिहायच्या पद्धतीही दोन. एकीत न दिसणारं एक चिन्ह मधे घालतात, दुसरीत नुक्त्याचा र वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधायला गेलं तर कॉम्प्युटर म्हणतो, असं नावच नाही! समोर नाव दिसतंय आणि हा म्हणतोय, नाही. 'ॲ'चीही तीच गंमत. ते एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी अ वर चंद्र जोडून काम भागवत.

कोणी म्हणेल, वेलांटीचं काय एवढं कौतुक? पण आज बँकेचं पासबुक, आधार आणि अर्ज यांतलं नाव जुळलं नाही, तर बाईचे पैसे अडकतात. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना आम्ही हे जवळून पाहिलं. चूक मशीनची असते आणि हेलपाटे बाईचे.

आपल्या राज्यात याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे सातबारा. हाताने लिहिलेला उतारा संगणकात गेला, तेव्हा नावं आणि क्षेत्रं यांत फरक पडले. ते जुळवायला २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं, म्हणजे नोंदी लोकांसमोर मोठ्याने वाचायच्या. मला ही जुनी पद्धत फार शहाणपणाची वाटते. फक्त अशा वाचनाला घरातून पुरुषच जातात आणि बायकोच्या किंवा बहिणीच्या नावातली चूक ऐकायला तिथे कोणी नसतं. तुमच्या उताऱ्यात लिहिण्यातली चूक राहिली असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल सोबत जोडावी.

आम्हीही चावडीच भरवली. दुपारची कामं आटोपली की दोघीजणी बसायच्या. एकीने जुनी छापील यादी मोठ्याने वाचायची, दुसरीने नव्या यादीवर बोट ठेवायचं. ज्या बाईचं नाव, तिलाच शक्यतो बोलवायचं. कॉम्प्युटरला न सापडलेल्या चुका सातवी शिकलेल्या बायकांनी पटापट काढल्या. तारखांचाही एक घोळ त्यांनीच पकडला. महिना आधी आणि दिवस नंतर, अशी अमेरिकन पद्धत मधेच शिरल्याने ४ मार्चला भरलेला हप्ता ३ एप्रिलला दिसत होता आणि उगाच उशिराचा दंड लागत होता.

तुमच्या मंडळात असं काम निघालं तर नवं सुरू झालं म्हणून जुना कॉम्प्युटर लगेच भंगारात घालू नका. जुना फॉन्ट गेला की जुनी यादी वाचणार कशी? आधी तिची छापील प्रत काढून ठेवा. आमचा तो जुना डबा अजून टेबलाखालीच आहे, कर्जाच्या नोंदी जुळवायच्या राहिल्यात.