उष्णता अडते कोठे?

महाराष्ट्रात थंडी ही दोन-अडीच महिन्यांची पाहुणी. शेकोटी आणि गोधडी यांवर तिचा पाहुणचार भागतो. इंग्लंडात मात्र ती घरची मालकीण होऊन बसते. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत, १८३७ ते १९०१ या काळात, बांधलेली असंख्य घरे तेथे आजही नांदती आहेत. काहींत मराठी कुटुंबेही राहतात. ही घरे मुळात कोळशाच्या शेगडीसाठी बांधलेली. १९५२ सालच्या लंडनमधील प्राणघातक धुरक्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. पुढे १९६७ पासून नैसर्गिक वायू घरोघर पोहोचू लागला आणि जुन्या भिंतींवर रेडिएटर चढले.

या व्यवस्थेची रचना साधी आहे. बॉयलर पाणी तापवतो, पंप ते नळांतून फिरवतो, रेडिएटर त्यातील उष्णता खोलीला देतो आणि निवालेले पाणी परत बॉयलरकडे जाते. घर गरम होईनासे झाले की दोष बॉयलरच्या माथी मारला जातो आणि मोठ्या खर्चाची तयारी सुरू होते. वस्तुतः आधी रेडिएटरची नाडी पाहावी.

रेडिएटर खाली गरम आणि वर थंड असेल, तर आत हवा कोंडली आहे. यंत्रणा बंद करून ती निवू द्यावी, मग वरच्या कोपऱ्यातील स्क्रू लहान चावीने किंचित सैल करावा. फुसफुस थांबून पाणी दिसताच तो पुन्हा आवळावा. याउलट वर गरम आणि तळाशी थंड, तर तेथे गाळ साचला आहे. पाण्याने लोखंड गंजते आणि त्याची काळी भुकटी तळाशी बसते. ती धुऊन काढून पाण्यात गंजरोधक द्रव्य घालावे लागते. जवळचे रेडिएटर कढत आणि दूरचे गार असतील, तर पाणी जवळच्या वाटेनेच परतत आहे. अशा वेळी जवळच्या रेडिएटरांच्या झडपा थोड्या आवळल्या म्हणजे दूरच्यांनाही त्यांचा वाटा मिळतो. सगळेच कोमट असतील, तर थर्मोस्टॅट, पंप आणि पाण्याचा दाब तपासावा. बंदिस्त यंत्रणेत थंड असताना तो साधारणपणे १ ते १.५ बार असावा लागतो.

आणि सगळे रेडिएटर कढत असूनही खोली गारच राहिली तर? मग दोष यंत्रणेचा नसून घराचा आहे. सलग विटांच्या भिंती, सरकत्या खिडक्यांच्या फटी, वापरात नसलेले धुराडे आणि उघडे छप्पर यांतून उष्णता निसटते. तेथे नवा बॉयलर म्हणजे गळक्या घागरीला मोठा नळ लावणे होय.

हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नाही. थंड घरात वृद्धांचे हृदयविकार आणि श्वासविकार बळावतात; म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड हवेच्या प्रदेशांतील घरांत किमान १८ अंश सेल्सिअस तापमान सुचविले. तथापि वायूवर चालणारा बॉयलर गृहस्थाने स्वतः उघडू नये. त्याच्या बिघाडातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. नोंदणीकृत तंत्रज्ञाला जरूर बोलवावे. पण कोणता रेडिएटर कोठे गार आहे, एवढे त्याला सांगता आले तर काम नेमके होते आणि अनाठायी खर्च टळतो.