साखळीच्या झाडापासून हत्तींच्या तळ्यापर्यंत

कोळिकोडहून गाडी वायनाडकडे निघाली, की तास-दीड तासात अडिवारम येतं. अडिवारम म्हणजे पायथा. इथून सुरू होतो ताम्रश्शेरी घाट. एकूण 9 हेअरपिन वळणं, प्रत्येक वळणावर नंबराची पाटी! मुलं पाट्या मोजण्यात दंग होतात, पण मोठ्यांनी आवळासुपारी हाताशी ठेवलेली बरी. समोरून केरळ एसटीची बस आली, की गाडी निमूटपणे कडेला घ्यायची, वाद घालायचा नाही.

घाट संपला की लक्किडीला रस्त्याच्या कडेचं एक झाड दिसतं. त्याच्या फांदीवरून चक्क लोखंडी साखळी लोंबते. करिंतण्डन नावाच्या पणिया आदिवासी तरुणाने एका इंग्रज इंजिनीअरला डोंगरातून ही वाट दाखवली. श्रेय एकट्याला मिळावं म्हणून साहेबाने त्याला ठार केलं. पुढे त्याचा आत्मा वाटसरूंना छळू लागला, तेव्हा तो या झाडाला साखळीने जखडला, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण येणारीजाणारी वाहनं इथे थांबतात.

पुढे चहाचे मळे, कॉफी, झाडांवर चढवलेले मिरीचे वेल... रमायला होतं. पण मानंतवाडीत जेवण उरकून तीनच्या सुमारास निघाच. कारण बावलीच्या नाक्यापलीकडे कर्नाटकाचं नागरहोळे जंगल लागतं आणि तिथला रस्ता संध्याकाळी 6 ते सकाळी 6 बंद असतो. रात्री तो रस्ता जनावरांचा! दिवसाही मध्ये उतरायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

याच रस्त्यावर बळ्ळे इथे हत्तींचा कॅम्प आहे. म्हैसूरच्या दसऱ्यात 2012 ते 2019 अशी आठ वर्षं 750 किलोंची सोन्याची अंबारी वाहणारा अर्जुन इथलाच. 1968 साली काकनकोटेच्या खेड्ड्यात तो पकडला गेला होता. डिसेंबर 2023मध्ये सकलेशपूरकडे रानटी हत्तीला पकडण्याच्या मोहिमेत झुंज झाली आणि त्यात तो मेला.

खेड्डा म्हणजे रानटी कळपाला हाकारे घालून, नदीतून पार करून लाकडी कोंडवाड्यात अडकवणं. संस्थानी काळात हा मोठा सोहळाच असे. व्हाइसरॉयसारखे पाहुणे तो बघायला येत. इथला शेवटचा खेड्डा 1971 साली झाला. हत्ती माणसाळवण्यात जेनू कुरुबा माहुतांचा हात धरणारा कोणी नाही.

जंगलाबाहेर पडलं की कारापूर. महाराजांच्या शिकारीच्या जागी आता सरकारी कबिनी रिव्हर लॉज आहे. ‘पापा’ म्हणून ओळखले जाणारे कर्नल जॉन वेकफिल्ड 2010 साली वारले, तोवर इथेच राहत. आणि ‘एलिफंट बॉय’ या 1937च्या इंग्रजी चित्रपटाने जगभर गाजलेला साबू? तो कारापूरच्याच माहुताचा पोरगा!

लॉजसमोर पाणी पसरलेलं दिसतं, ते मूळचं तळं नव्हे. 1974 साली बीचनहळ्ळीला कबिनी नदीवर धरण झालं आणि काकनकोटेचं रान, गावं, शेतं पाण्याखाली गेली. मार्च ते मे पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं आणि ते खायला हत्तींचे कळपच्या कळप उतरतात. बोटीतून ते बघताना पोरंसुद्धा गप्प होतात. हत्तींना गवत मिळालं. कुरुबांना मात्र धरणाने आणि 1972च्या वन्यजीव कायद्यानंतरच्या बंधनांनी रानाबाहेर काढलं. त्यांतले कितीतरी आज रानाच्या कडेच्या वस्त्यांत, म्हणजे हाडींत राहतात आणि कॉफीच्या मळ्यांत मजुरीला जातात.

सकाळी म्हैसूरला निघताना जरा वाकडी वाट करून धरण बघा. तिथून सरगूर जवळच. पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात असलेलं हे गाव आता स्वतंत्र तालुका झालंय. पर्यटक इथे फार तर चहापुरते थांबतात. पण इथे विवेकानंदांच्या नावाचं एक रुग्णालय आहे. 1984 साली म्हैसूर मेडिकल कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट सुरू केली आणि आधी हाडींमध्ये दवाखाना चालवला. सरगूरचं रुग्णालय त्यातूनच उभं राहिलं. काल ज्या पाण्यावर तुम्ही बोटीतून फिरलात, त्याच्या काठच्या हाडींतली माणसं औषधपाण्याला इथे येतात.