‘टेन्शन’ नसले तरी ‘हायपरटेन्शन’ असू शकते!

‘‘मला कसलेच टेन्शन नाही, मग हायपरटेन्शन कसे?’’ असा प्रश्न अनेक रुग्ण विचारतात. काही जण तर मन शांत आहे म्हणून गोळ्याच बंद करतात. या गैरसमजाचे मूळ त्या इंग्रजी शब्दात आहे. म्हणून आज त्या शब्दाचेच कूळ पाहू.

लॅटिन भाषेत ‘तेंदेरे’ म्हणजे ताणणे. त्यापासून झालेले नाम फ्रेंचमार्गे १६ व्या शतकात इंग्रजीत आले, ते ‘टेन्शन’. संस्कृतातील ‘तन्’ हा धातू त्याचाच भाऊबंद. तंतू, विणकराचा ताणा आणि आपला ‘ताण’ हे शब्द याच कुळातले. म्हणजे ‘टेन्शन’ आणि ‘ताण’ ही चुलत भावंडेच म्हणायची!

मुळात हा ताण ओढलेल्या दोरीचा, स्नायूचा. मनाचा ताण हा अर्थ इंग्रजीत १८ व्या शतकात आला. वैद्यकाने मात्र जुना अर्थ सोडला नाही. रक्त वाहताना रोहिणीच्या भिंतीवर जो दाब पडतो, त्यालाही ‘टेन्शन’ म्हटले गेले. फ्रेंच लोक आजही रक्तदाबाला हाच शब्द वापरतात. त्याला ग्रीक ‘हायपर’, म्हणजे ‘जास्त’, जोडले की झाले हायपरटेन्शन. हा ताण मनाचा नव्हे, रक्तवाहिन्यांचा!

राग, भीती, काळजी यांनी रक्तदाब तात्पुरता वाढतो, हे खरे. पण वाढते वय, आनुवंशिकता, जास्त मीठ, वाढलेले वजन, व्यायामाचा अभाव आणि दारू यांमुळेही तो वाढतो. बहुतेकांना त्याचा काहीही त्रास जाणवत नाही. मात्र उपचार न केल्यास अर्धांगवायू, हृदयविकार आणि मूत्रपिंडे निकामी होणे हे धोके संभवतात.

तेव्हा आपल्याला रक्तदाब आहे की नाही, हे मनाला विचारून कळत नाही. त्यासाठी दंडाला पट्टा बांधून तो मोजावाच लागतो. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दिवसभरात मीठ एका चमच्यापेक्षा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा, कमी असावे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच धरावे. आणि बरे वाटते म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. गोळ्या चालू आहेत म्हणूनच दाब आटोक्यात असतो.