हरळीची हिरवळ

ज्या हरळीच्या काशा शेतातून काढून टाकण्यासाठी शेतकरी ऐन उन्हाळ्यात खोल नांगरट करतो, तीच हरळी बंगल्यापुढील अंगणात मोठ्या मिनतवारीने लावली जाते. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा त्या याच. शेतात मारून न मरणारी ही वनस्पती अंगणात वर्षा-दोन वर्षांत विरळ का होते, याचे उत्तर पानांत नसून मुळांत आहे.

हरळी हे उष्ण हवेतील गवत होय. तिची खोडे जमिनीवरून सरपटतात व पेरापेराशी मुळे धरतात. म्हणून पावसाळ्याच्या आरंभी जमीन 25 ते 30 सेंटीमीटर खणून, लव्हाळ्याच्या गाठी वेचून व कुजलेले शेणखत मिसळून 10-10 सेंटीमीटरांवर काड्या खोवाव्यात. जागा उन्हाची हवी; आंब्याच्या दाट सावलीत ही हिरवळ जमत नाही.

खरी चूक होते ती पाण्याच्या बाबतीत. रोज थोडे पाणी शिंपडले की ओल वरच्या दोन बोटांतच राहते आणि मुळेही तेथेच घुटमळतात. मग वैशाखात विहीर आटली की चार दिवसांत सारे गवत करपते. याउलट आठवड्यातून एकदा, सकाळच्या वेळी, दर चौरस मीटरला सुमारे 25 लिटर पाणी सावकाश मुरवले, तर मुळे ओलीमागोमाग खोल जातात. रेताड जमिनीत तेच पाणी दोन वेळा विभागून द्यावे. पाणी कोठवर मुरले, हे लोखंडी सळई सहज किती आत जाते त्यावरून कळते.

कापणीलाही हाच न्याय. मुळांचे अन्न पानांतच तयार होते. गवत तीन-चार सेंटीमीटर उंच राखावे आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. तासून काढलेल्या हिरवळीत मुळे खुरटतात व मोकळ्या जागी तण शिरते.

ग्वाल्हेरीकडील कडक थंडीत, पारा 10 अंशांखाली गेला की, हरळी तपकिरी पडते. ती मेलेली नसते, निजलेली असते. तेव्हा खत घालणे व्यर्थ. माती अगदी कोरडी पडू नये इतकेच पाणी पुरे. फाल्गुनात ऊब येऊन नवे कोंब दिसू लागले, की 10 चौरस मीटरला 100 ग्रॅम युरिया विखरून लगेच भरपूर पाणी द्यावे. पाणीटंचाईच्या दिवसांत टिकते ती हिरवळ खोल मुळांची. आणि ती मुळे टंचाई येण्यापूर्वीच वाढवावी लागतात.