मेलेल्या राजाचे नाणे

इतिहासात ‘टकला’ या बिरुदासकट अमर झालेल्या चार्ल्स राजाने 864 साली पीत्र इथून हुकूम काढला : जुनी नाणी बाद, यापुढे टांकसाळी दहाच. शंभर वर्षांत हुकमाचा बोजवारा उडाला. फ्रान्सभर काउंट, बिशप, मठाधिपती आपापल्या टांकसाळी चालवू लागले. पौंडभर चांदीतून 240 दनिये पाडायचे, ही शार्लमेनची रीत. तोच चिमुकला दनिये हे पुढेही मुख्य चलन राहिले.

हाती टांकसाळ आली की माणूस आधी स्वतःचे नाव कोरेल, असे आपल्याला वाटते. पोआतूच्या काउंटांनी तसे केले नाही. चांदीच्या खाणींशेजारची मेलची टांकसाळ त्यांची, पण नाण्यावर ‘कार्लुस रेक्स’. चार्ल्स 877 मध्येच वारला होता. तरी बाराव्या शतकात सिंहहृदयी रिचर्डने आपले नाव घालेपर्यंत हा मेलेला राजा बाजारात फिरतच होता! ही काही स्वामिनिष्ठा नव्हे. निरक्षर गिऱ्हाईक नाणे ओळखायचे ते ठशावरून; ठसा बदलला की शंका आलीच. शिनोंच्या नाण्यावरचे डोके शार्त्र, ब्लोआच्या कारागिरांनी नकलेची नक्कल करत असे काही बिघडवले, की अखेरीस ते डोके आहे हे सांगावे लागते. माझ्या मते मध्ययुगातले हे सर्वांत मोहक विद्रूपीकरण.

ठसा जुना ठेवून आत तांबे वाढवणे मात्र सर्रास चाले. 1200च्या सुमाराचा तूरचा दनिये जेमतेम ग्रॅमभर, त्यात चांदी साधारण तिसरा हिस्सा. नॉर्मंडीत तर ड्यूकने नाण्यात ढवळाढवळ करू नये म्हणून दर तीन वर्षांनी चुलीमागे 12 दनिये भरावे लागत. खंडणी आणखी वेगळी काय असते?

चांगल्या नाण्याला मात्र सरहद्द नसे. शाम्पान्यच्या जत्रांमुळे प्रोव्हँचे फणीछाप दनिये इटलीत इतके रुळले, की खुद्द रोमच्या सिनेटने त्यांची नक्कल पाडली. मागलोनच्या बिशपाने तर कमाल केली. मुसलमान व्यापाऱ्यांशी व्यवहार सोपा व्हावा म्हणून त्याच्या टांकसाळीत महंमदाचे नाव असलेली चांदीची नाणी निघत. 1266 मध्ये पोप चौथ्या क्लेमेंटने त्याची खरडपट्टी काढली.

तोवर राजेही सरसावले होते. नवव्या लुईने 1263 मध्ये ठरवले : राजाचे नाणे सगळीकडे चालेल, सरदाराचे फक्त त्याच्या मुलखात. 1315 मध्ये दहाव्या लुईने सरदारी नाण्यांचे वजन, कस, ठसा सारेच नेमून दिले. ब्रिटनीसारखे ड्यूक पुढेही नाणी पाडत राहिले. बाकीच्यांचा टिकाव लागला नाही.

पण जिंकलेल्या राजाने तरी कुठले नाणे उचलले? तेराव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या फिलिपने तूर घेतले, तेव्हा तिथल्या संत मार्टिनच्या मठाचा दनियेच त्याने आपलासा केला. संताचे नाव काढून स्वतःचे घातले, गढीचा ठसा तसाच ठेवला. त्याच तूरच्या नावाचा ‘लिव्र तुर्नुआ’ फ्रान्सच्या हिशेबवह्यांत 1795 मध्ये फ्रँक येईपर्यंत टिकला.